या गावातून तक्रार नाही

११ ऑगस्ट २००६, शुक्रवार

मेक, म्हणजे मूळ ओळींमधून प्रोग्रॅम बनवायचं काम, पुन्हा मधेच तुटलं. या वेळी चूक माझी नाही. लाइट गेली, यूपीएस थोडा वेळ किंचाळला आणि त्यानंही डोळे मिटले. अपाचे अर्धा बनून डिस्कवर पडलाय.

बरं एवढंच, की मेक पुन्हा सुरू केलं की झालेलं काम परत करत नाही. तुटलं तिथून पुढे जातं. माणसात हा गुण असता तर!

उत्तमराव दारात येऊन उभे राहिले. बुलढाण्याच्या आमच्या माहिती केंद्राचे सचिव. अजून बनूनच राह्यला का मॅडम तुमचा सर्व्हर, म्हणाले. औरंगाबादला तयार मिळतो — सीडी घाला, बटण दाबा, चहा प्या. मी सांगितलं, त्या सीडीवरचा पीएचपी जुना आहे, मराठी अक्षरं मोडतो आणि आपल्या डेटाबेसशी त्याला बोलता येत नाही. मूळ प्रोग्रॅम आणून इथेच कंपाइल करावा लागेल, हवी ती मॉड्यूल घालून. अपाचे पान मागणाऱ्याला पान देणार, पीएचपी ते पान त्या क्षणी बनवून त्याच्या हाती ठेवणार. आणि पानावर काय, तर कोणत्या गावात कपाशीचं कोणतं बियाणं फसलं. म्हणजे पुढच्या पेरणीला लोक पाहून घेतील.

हे खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं. एम.एस्सी. होऊन इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टींची बटणं दाबली. एक तरी वस्तू मुळापासून हातानं करायची आहे. यात शेतकऱ्याचं हित किती आणि माझी हौस किती? प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

१३ ऑगस्ट, रविवार

आसिम म्हणतो, घरातला मिक्सर बिघडला तर तू दुसऱ्या दिवशी नवा आणतेस, आणि तिकडे जात्याला टाकी लावत बसलीस. हसले. रागही आला. नवऱ्याचा टोमणा बरोबर असला की जास्त लागतो.

१९ ऑगस्ट, शनिवार

अपाचे बनला — पीएचपी त्याला चिकटेना!

दिवसभर डोकं फोडल्यावर कारण सापडलं. कॉन्फिगर करतानाच सांगावं लागतं, की याला बाहेरून मॉड्यूल जोडायची आहेत. मी ते सांगितलंच नाही. मग तो झाळलेल्या डब्यासारखा बनतो. आत काही जात नाही. सगळं पुसून पहिल्यापासून.

वाईट कशाचं वाटलं, तर ती सूचना मी आधी वाचली होती. वाचली, समजली, आणि पुढच्या पानावर गेले. समजल्याचं समाधान झालं की माझा हात तिथून निघतो. ही खोड जुनी आहे.

२४ ऑगस्ट, गुरुवार

चाललं! पडद्यावर 'जानेफळ' असं उमटलं, अख्खं, काना-मात्रेसकट. कितीतरी वेळ नुसती पाहत बसले. उत्तमरावांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, छान आहे, पण यात केंद्राचा फोटो कुठं आहे?

४ सप्टेंबर, सोमवार

आज गावांची पानं केली. मेहकर तालुका आधी. जिथून अजून काहीच आलं नाही ते पान रिकामं दिसतं, आणि रिकामं पान पाहून माणसाला वाटणार सर्व्हर बिघडला. म्हणून प्रोग्रॅमला सांगून ठेवलं, नोंद नसेल तिथे लिही: 'या गावातून तक्रार नाही.' लहान, स्वच्छ वाक्य.

हिवरा आश्रमच्या पानावर आलं, जानेफळच्याही आलं. नोंदी आल्या की येत्या महिन्यात जाईलच.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

रोज्याचा दिवस, दुपारची सुस्ती, आणि जानेफळची जनकाबाई दारात. दीक्षेला पन्नास वर्षं झाली म्हणून नागपूरला गेली होती, तिथला बिल्ला अजून पदराला लावलेला. पिशवीतून बोंडं काढून तिनं टेबलावर ठेवली. झाड माणसाएवढं झालं, म्हणाली, बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं सोनं पिकलं. आतून सगळं पोखरलेलं. पाकिटावर बीटी लिहिलेलं, अळी येणारच नाही म्हणून सांगितलेलं. बोलता बोलता एक अळी बोंडातून निघून कीबोर्डवर चालू लागली. जनकाबाईनं तिला नखानं उचललं आणि खिडकीबाहेर टाकलं.

पाकिटाचा रिकामा कागद तिनं घडी करून जपला होता. त्यावरून लॉटचा नंबर टिपून घेतला. नाव विचारलं तर ती कागदाची घडी परत घालू लागली. मग कळलं — तिचा मुलगा संघर्ष जानेफळच्या स्टँडसमोर महादेवरावांच्या कृषी केंद्रात काउंटरवर असतो. पाकीट तिथलंच.

"पोरगं त्याच दुकानात हाय, बाई. नाव आलं तं त्याची नौकरी जाईन. तक्रार लिवा, नाव नोका लिवू."

आमच्या माहिती केंद्राचा नियम आहे, नावाशिवाय तक्रार घ्यायची नाही. उद्या कुणी विचारलं तर माणूस खरा आहे हे दाखवता आलं पाहिजे. मी म्हटलं, नाव फक्त मला माहीत राहील, पानावर येणार नाही. तिनं सर्व्हरकडे बोट केलं, या डब्याच्या बाहेर नाही ना जाणार? मी म्हटलं, नाही. हे यंत्र कुणी दिलं, म्हणाली. सांगितलं, यंत्र विकतचं, पण आतलं चालणारं सगळं मी इथेच मुळापासून बनवलंय, तयार आणलेलं नाही.

"म्हंजे घरच्या बियासारखं," ती म्हणाली. "मंग बरं."

आणि नाव सांगितलं.

ते ऐकून मला जो आनंद झाला तो लिहून ठेवते. उगाच लपवू नये.

७ ऑक्टोबर, शनिवार

नाव ठेवायचं कुठे? कागदावर नको, इथल्या सगळ्या कपाटांच्या चाव्या उत्तमरावांकडे, आणि त्यांची महादेवरावांकडे उठबस. डेटाबेसमध्ये नको, त्याचा पासवर्डही त्यांच्याकडे. शेवटी सुचलं. प्रोग्रॅमच्या ओळींमध्ये स्वतःसाठी टीप लिहिता येते. पीएचपी ती वगळतो, बाहेर जातं ते फक्त तयार झालेलं पान. जगात कुणीही ते पान उघडलं तरी टीप त्याला दिसत नाही. उत्तमराव प्रोग्रॅम उघडून वाचणाऱ्यातले नव्हेत.

तक्रारीच्या ओळीशेजारी टीप: जनकाबाई, जानेफळ, मुलगा म. रावांच्या दुकानात — नाव बाहेर जाऊ नये.

माझ्या डोक्यानंतरची सगळ्यात सुरक्षित जागा!

१६ ऑक्टोबर, सोमवार

जानेफळच्या आणखी बाया आल्या. जनकाबाईनं सांगितलं म्हणून. सगळ्यांचं तेच दुकान, तोच लॉट, तीच अट. कुणाचा भाऊ त्या दुकानातून खत नेतो, कुणाच्या नवऱ्याला महादेवराव गाडी चालवायला देतात. प्रत्येकीला मी तेच वचन दिलं, नावं तशीच टिपांमध्ये ठेवली. बोलून बोलून घसा सुकला, रोजा असल्यानं पाणी पिता येईना. पण बरं वाटत होतं. इतकं बरं वाटणं बरं नव्हे.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

अपाचेची सुधारलेली आवृत्ती निघाली आहे. आपल्या आवृत्तीत एक भोक आहे म्हणे, त्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. उद्यापासून दिवाळीची सुट्टी, लागूनच ईद. इतके दिवस नावं आत आणि भोक उघडं? नाही चालणार.

उत्तमराव म्हणाले, चालू हाय त्याले कायले हात लावता. मी ऐकलं नाही. आज दिवसभर लाइट टिकली, नशीब. नवा अपाचे वेगळ्या जागी बसवला, त्याला पीएचपी नव्यानं जोडला. सेटिंगची फाइल कोरी असते, तीत पहिली ओळ मराठी अक्षरांची घातली. गेल्या वेळी त्यावरच फार रडले होते. मुखपृष्ठ उघडून पाहिलं. झकास. इफ्तारची वेळ होत आलेली. घाईत शटर ओढलं.

आता निश्चिंत.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

काल ईद झाली. आज कुलूप काढते तर फोन वाजत होता.

"मॅडम, तुमच्या पानावर माह्या मायचं नाव काऊन हाय?"

संघर्ष होता. आवाज चढवला नाही त्यानं.

मी पान उघडलं. पान नव्हतंच. माझा प्रोग्रॅम होता, उघडानागडा, ओळीखाली ओळ. आणि मधे मधे माझ्या टिपा — स्वच्छ, शुद्ध, मराठीत.

(संध्याकाळी) काय झालं ते लिहिते. अपाचेला एक ओळ सांगावी लागते, की नावाच्या शेवटी पीएचपी असलेली फाइल आली की आधी पीएचपीकडे दे. जुन्या सेटिंगमध्ये ती मी हातानं घातली होती. नव्यात राहिली. अपाचेनं बिचाऱ्यानं प्रोग्रॅम तसाच वाचून दाखवला, जसा कुणी कागद दिला तर वाचून दाखवेल. मुखपृष्ठ साधं आहे, त्याला पीएचपी लागतच नाही, म्हणून ते झकास दिसलं. आणि मी तेवढंच पाहिलं! आतलं एकही पान उघडलं नाही. मराठी अक्षरांची ओळ मात्र घातलेली होती. नाहीतर नुसती चिन्हं दिसली असती, कुणाला काही वाचता आलं नसतं. जी ओळ आठवली तिनंच घात केला.

नावं तिथे ठेवलीच नसती तर? ती हुशारी माझीच.

२८ ऑक्टोबर, शनिवार

जानेफळला जाऊन आले. डब्यात शीरखुर्मा नेला होता. रिकाम्या हातानं कशी जाऊ, म्हणून. की तोंड उघडायला काहीतरी हवं म्हणून?

संघर्ष ओट्यावर बसला होता. त्यानं सांगितलं ते असं. लक्ष्मीपूजनाला महादेवरावांनी वह्यांबरोबर नव्या कॉम्प्युटरचीही पूजा केली. कीबोर्डवर हळदीकुंकू, हार, पेढे, दुकानात गर्दी. कुणीतरी म्हणालं, इंटरनेट चालवून तर दाखव. तर यानंच, मोठ्या हौशीनं, आमचं पान उघडलं. आपल्या जानेफळचं पान आहे, बुलढाण्याच्या मॅडमनी बनवलंय, माझी माय ओळखते त्यांना, असं सांगत. आईनं तक्रार केली हे त्याला माहीतच नव्हतं.

महादेवराव रागावले नाहीत. त्यांनी ती नावं गर्दीला वाचून दाखवली, एकेक, पेढा खात खात. जनकाबाईच्या नावाशी थांबले.

"पाकीट तं तूच देल्लं होतं ना बे मायले?" असं म्हणून हसले. सगळे हसले. मग म्हणाले, मायची समजूत पटली की ये कामावर.

दिलं होतं यानंच. घरच्या गिऱ्हाइकाला चांगलं म्हणून, वरच्या फळीवरून काढून.

मी जनकाबाईला सगळं समजावून सांगितलं. अपाचे काय, ती राहिलेली ओळ कोणती, टिपा का दिसल्या. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. फार वेळ बोलले मी. निम्म्यात लक्षात आलं, की यातलं तिला काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही. मग मी कुणाला समजावत होते? एवढं बारीक सांगितलं की चूकही बारीक वाटेल, असं काही मनात असेल.

"झालं ना आता," ती म्हणाली. त्यापलीकडे काही नाही.

निघताना डबा परत दिला. धुऊन, पुसून. आमच्याकडे काय किंवा तिच्याकडे काय, डबा कधी रिकामा परत जात नाही — मूठभर तूर तरी घालतात. बसमध्ये झाकण उघडून पाहिलं. रिकामा होता.

२ नोव्हेंबर, गुरुवार

उत्तमराव माझ्याशी फार चांगलं वागतायत. चूक कुणाकडून होत नाही, म्हणाले. राजीनाम्याची भाषा केली तर हातानंच थांबवलं. मग चहा मागवला आणि म्हणाले, एका परीनं बरंच झालं, आता लोक विचार करून तक्रार करतील.

चहा मी प्यायले.

६ नोव्हेंबर, सोमवार

राहिलेली ओळ घातली. टिपा काढून टाकल्या. नावं आता फक्त माझ्या डोक्यात, आणि साऱ्या जानेफळच्या.

९ नोव्हेंबर, गुरुवार

जनकाबाई आली. उभीच राहिली, खुर्ची दिली तरी. या खेपेला बिल्ला नव्हता.

"नाव काढलं ना तुमी? आता ते तक्रारबी काढा."

मी विचारलं, खोटी होती का?

"खोटी कायची? तुमच्याच टेबलावर अळी चालली होती. काढा."

मी म्हटलं, पुसण्याऐवजी 'मागे घेतली' असं लिहिते. म्हणजे कुणी तरी केली होती हे राहील, नाव राहणार नाही. मला वाटलं, हे तिला पटेल. हे न्यायाचं आहे.

तिनं माझ्याकडे पाहिलं, जसं लहान पोराकडे पाहतात. "मागं घेतली असं लिवसान तं होती असंच झालं ना, बाई? महादेवरावले होतीच नाई असं पायजे. मंग पोराले घेते म्हनते."

मी म्हटलं, विचार करते. ती म्हणाली, तुम्ही विचारच करता.

रागानं नाही म्हणाली. म्हणूनच लिहून ठेवलं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

पुसली.

ती खरी तक्रार होती. मी अळी पाहिली आहे. खऱ्याला खोटं करणं म्हणजे गुन्हा, आणि तिच्या पोराची नोकरी माझ्या तत्त्वापायी अडवणं हाही गुन्हाच. दोन्हींपैकी एक करायचाच होता. कोणता लहान, हे ठरवायला मी रात्रभर बसले नाही, आधीच ठरलेलं होतं. जिचं नुकसान मी केलं तिनं मागितलं ते द्यायचं. तरीही कळ दाबताना वाटलं, किती सोपं आहे हे! बांधायला दोन महिने गेले होते.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

बाकीच्याही आल्या. एक नवऱ्याला घेऊन, बाकीच्या एकत्र. कुणी बसल्या नाहीत. जानेफळची सगळी पुसली.

संघर्ष परत काउंटरवर आहे म्हणे.

१ जानेवारी २००७, सोमवार

बकरीईदची पाहुणेमंडळी गेली. निवांत बसले तर तेच.

केलं ते बरोबर होतं असं आसिम म्हणतो. पोराची नोकरी वाचली, बाईचं घर शांत झालं, आणखी काय हवं तुला? मी म्हटलं, तो लॉट. तो पुन्हा विकायला येईल. तर म्हणाला, तू काय बियाण्याची पोलीस आहेस का? नाही. मी फक्त पान बनवणारी. पण पान कशासाठी बनवलं होतं?

जानेफळहून कुणी फोनसुद्धा करत नाही आता. इतर गावांच्या नोंदी येतात, थोड्या. तिथल्या बहुतेक बाया नाव विचारण्याआधीच उठतात.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

अमरावतीहून पाहुणे आले होते केंद्र पाहायला. सर्व्हर पाहिला. उत्तमराव अभिमानानं म्हणाले, मॅडमनी स्वतः बनवला आहे, मुळापासून, कधीच बंद पडत नाही. हे ते पहिल्यांदाच म्हणाले. एकानं जानेफळचं पान उघडलं. वा, म्हणाला, या भागात बियाणं चांगलं दिसतं.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण काय सांगणार होते? नावांशिवाय, बायांशिवाय, अळीशिवाय? आणि खरं सांगायचं तर 'स्वतः बनवला' हे वाक्य अजून कानात होतं. गोड लागत होतं.

११ एप्रिल, बुधवार

नवा पीएचपी आलाय. कंपाइल करून बसवला. या वेळी प्रत्येक पान उघडून पाहिलं, एकूणएक. एकही चूक नाही.

६ जून, बुधवार

मेहकरहून परतताना जानेफळला उतरले. जनकाबाईकडे जावं असं मनात होतं. गेले नाही. महादेवरावांच्या दुकानापुढे बियाण्याला रांग लागलेली, आणि दुकानाच्या काचेवर माझं पान. छापून, मोठं करून, चारी कोपरे चिकटवून. वर केंद्राचं नाव. खाली: जानेफळ — या गावातून तक्रार नाही.

काउंटरवर संघर्ष होता. त्यानं मला पाहिलं आणि पाकिटं मोजू लागला. रांगेत जनकाबाईही होती. तिनं पाहिलं नाही.

हिवरा आश्रमकडचा एक म्हातारा माझ्या गळ्यातलं केंद्राचं ओळखपत्र पाहत जवळ आला. काचेकडे बोट करून म्हणाला, "बाई, हे तुमच्याच सेंटरचं हाय ना?"

विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायची सवय. हो म्हणाले.

तो रांगेत जाऊन उभा राहिला.